बहुचॅनेल अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती आणि स्पीकरचा भार

प्रस्तावना : महाविद्यालयाच्या दृक्‌श्राव्य कक्षासाठी होम थिएटर अ‍ॅम्प्लिफायर घ्यावयाचा झाल्यास खरेदी समितीपुढे येणाऱ्या दरपत्रकांत वॅटचा आकडा ठळक असतो. तो आकडा किती ओहमच्या भारावर व किती चॅनेल चालू असताना मोजला, हे समजल्याशिवाय दोन दरपत्रकांची तुलना करणे व्यर्थ होय. प्रस्तुत लेखात या दोन अटींचा विचार केला आहे.

शक्ती व संरोध : शक्ती ही विद्युतदाबाचा वर्ग भागिले संरोध इतकी असते. २८.३ व्होल्ट दाब ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट देतो. तोच दाब ४ ओहमला २०० वॅट देईल. परंतु त्यासाठी प्रवाह ३.५ अँपिअरवरून ७ अँपिअरवर जावा लागतो. रोहित्र व ट्रान्झिस्टर यांना तो पेलत नसल्यास दाब कोसळतो, ध्वनी फाटतो किंवा संरक्षक मंडल यंत्र बंद करते. मागील बाकांपर्यंत आवाज पोहोचावा म्हणून एकाच चॅनेलवर ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले जातात, तेव्हा नकळत ४ ओहमचाच भार पडतो. शिवाय स्पीकरवर छापलेला संरोध नाममात्र असतो. काही वारंवारतांना तो त्याहून बराच खाली येतो.

सर्व चॅनेल एकाच वेळी : ‘७ × १०० वॅट’ या दाव्यातील १०० वॅट बहुधा एक वा दोन चॅनेल चालवून मोजलेले असतात. सातही चॅनेलना पूर्ण शक्ती द्यावयाची तर, कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास, वीजजोडणीतून सुमारे १,१७० वॅट घ्यावे लागतील. एकाच सामायिक रोहित्राकडून ही अपेक्षा क्वचितच पूर्ण होते. चित्रपटातील ध्वनी सातही वाहिन्यांवर एकदम पूर्ण जोराने येत नाही, एवढाच काय तो दिलासा. आपल्याकडे एके काळी टेपरेकॉर्डरवर मिरवणारे ‘पीएमपीओ’चे आकडे तर याहून निरर्थक होते. अमेरिकेत १९७४ साली अशा दाव्यांसाठी नियम झाला. २०२४ च्या सुधारणेने त्यात ८ ओहमचा भार, २० ते २०,००० हर्ट्झचा पट्टा व १ टक्क्याहून कमी विकृती या अटी निश्चित केल्या.

बुलडाणा जिल्ह्यात आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. ग्रामीण वाहिनीवर दाब २३० ऐवजी २०० व्होल्ट झाला, तर साध्या रोहित्रावरील १०० वॅटचे यंत्र ७५ वॅटच्या आसपास येते. घाटावरील बुलडाण्यात निभावून जाणारे यंत्र घाटाखालील मलकापूर, नांदुऱ्याच्या उन्हाळ्यात, ४ ओहमच्या भाराखाली बंद कपाटात ठेवल्यास, तापून बंद पडू शकते.

शक्ती दुप्पट झाली तरी ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. १०० व १२० वॅटमधील फरक तर १ डेसिबलही नाही. ८७ ऐवजी ९० डेसिबल संवेदनक्षमतेचा स्पीकर निवडल्यास दुप्पट शक्तीचे काम विनासायास होते. दरपत्रक मागविताना ‘८ ओहम, सर्व चॅनेल चालू, विकृती किती’ एवढी ओळ घालण्यास समितीला काहीच खर्च येत नाही.