उलट्या घराची रचना

सकाळची वेळ. रूथ ब्राम ही मोठ्या हुद्द्यावरची बाई पेपर वाचत बसली आहे. मुलगा पेट्रोनियस म्हणतो, मला समुद्रावर जायचंय, पाणबुड्या व्हायचंय. बहीण खो-खो हसते. आई पेपराआडून त्याच्याकडे पाहते आणि बजावते, की मुलं होतात ती पुरुषामुळेच.

नॉर्वेच्या गेर्ड ब्रान्टेनबर्ग यांची ‘इगालियाच्या मुली’ ही उपहासात्मक कादंबरी १९७७ सालची. इगालियात सत्ता, नोकऱ्या, समुद्र सगळं बायकांचं. घर आणि मुलं पुरुषांची. एवढंच असतं तर गंमत पन्नास पानांत संपली असती. ही कादंबरी टिकते ती रूथच्या त्या एका वाक्यामुळे.

ते वाक्य नीट उलगडून बघा. आपण म्हणतो, बाई मूल जन्माला घालते, म्हणून सांभाळायचंही तिनेच. इगालियात म्हणतात, बाईने पोटात वाढवलं, जन्म दिला, तिचं काम झालं. ज्याच्यामुळे मूल झालं त्याने आता ते बघावं. शरीर तेच, बाळंतपण तेच, निष्कर्ष मात्र थेट उलटा. दोन्हीकडे माणसं ‘निसर्गच तसा आहे’ म्हणून मोकळी होतात. म्हणजे जबाबदारी कुणाची हे निसर्गाने ठरवलेलं नसतं. ज्याच्या हातात सत्ता, तो ते ठरवतो आणि नाव निसर्गाचं घेतो. हे मी अनेक लेखांत वाचलं होतं, पण पटलं ते पेट्रोनियसचा पडलेला चेहरा डोळ्यांसमोर आल्यावर.

दुसरी कळ भाषेची. इंग्रजी अनुवादात ‘वुम’ हा मूळ शब्द, म्हणजे बाई. पुरुषाचा शब्द त्याला जोड लावून ‘मॅनवुम’ असा केलेला. मराठीत हे करून बघायला माणूस, मर्दुमकी, पुरुषार्थ असे कितीतरी शब्द उलटे करावे लागतील. मला त्यातला ‘कर्ता पुरुष’ सर्वांत बोचतो. घरात कर्तीसवरती बाई असते, पण लग्नाच्या बैठकीत विचारणा कर्त्याचीच होते. काम एकीकडे, अधिकार दुसरीकडे, आणि हे सगळं एका शब्दात बिनबोभाट बसलेलं.

मग येतो ‘पेहो’. वयात आलेल्या मुलाने शिश्नावर घालायची ही पिशवी, आपल्याकडच्या ब्रेसियरच्या जागी आणलेली. अवघडून टाकते, काचते, तरी घातल्याशिवाय चारचौघांत जाता येत नाही. शिवाय पुरुष ठेंगणा आणि गुबगुबीत असला तरच देखणा. पेट्रोनियस उंच आणि किडकिडीत, त्यामुळे तो कायम खंतावलेला. वाचताना हसू येतं आणि लगेच मुलीची ब्रेसियरची पहिली खरेदी आठवते, ती दुकानात मान खाली घालून उभी असलेली.

ब्रान्टेनबर्ग यांनी रूथला खलनायिका केलेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिचं मुलावर प्रेम आहे. ती फक्त ऐकत आलेलं वाक्य पुढे सांगते, आणि त्या वाक्याने एक मुलगा समुद्रापासून तुटतो. व्यवस्था तिने घडवली नाही, पण त्या सकाळी बोलली ती तीच.

पुढे पेट्रोनियस आणि इतर पुरुष संघटित होतात. तो स्वतःही एक कादंबरी लिहायला घेतो. तिच्यात पुरुष सत्तेवर असतात, आणि घर व मुलं बायकांकडे.