तीन मीटरखालचा हिशेब

अंटार्क्टिकातल्या बीकन हाइट्स इथे, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर, वालुकाश्मात सुमारे 28 मीटर खोल भोक पाडून खडकाचा गाभा काढला गेला. शोध ना तेलाचा होता, ना धातूचा. गारगोटीच्या कणांतले बेरिलियम-10 आणि ॲल्युमिनियम-26 हे किरणोत्सारी अणू खोलीगणिक कसे घटत जातात, एवढंच पाहायचं होतं.

हे अणू वैश्विक किरणांची करणी. ते किरण वातावरणावर आदळले की खाली कणांचा वर्षाव होतो. त्यातला न्यूट्रॉन गारगोटीतल्या ऑक्सिजनचं केंद्रक फोडतो आणि क्वचित एखादा तुकडा बेरिलियम-10 चा निघतो. ध्रुवांकडच्या भागात, समुद्रसपाटीला, एका ग्रॅममध्ये वर्षाला जेमतेम चार अणू. पण ते साठत जातात, कारण त्यांचं अर्धायुष्य सुमारे 13.9 लाख वर्षांचं. त्यांच्या संख्येवरून खडक किती काळ उघड्यावर आहे किंवा किती वेगानं झिजतोय ते काढता येतं. हे गणित घडवणाऱ्यांत देवेंद्र लाल यांचं नाव अग्रभागी. त्यांची सुरुवात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली. खडकांच्या झिजेवरचा त्यांचा 1991 चा निबंध या वाटेला लागणाऱ्याला टाळता येत नाही. (सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाला मात्र ही रीत जशीच्या तशी लागू पडत नाही, बेसॉल्टच्या घडणीत गारगोटी नसते.)

न्यूट्रॉनांचा दम लवकर संपतो. दर साठेक सेंटिमीटरला ते जवळपास एक-तृतीयांशावर येतात. तीन मीटरवर शंभरातला एकही धड उरत नाही. तिथून खाली अंमल त्याच वर्षावातल्या म्युऑनचा.

म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा 207 पट जड भाऊबंद. केंद्रकांच्या भानगडीत तो सहसा पडत नाही, म्हणून खोल पोचतो. मीटरभर खडक ओलांडायला त्याची सुमारे अर्धा अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा खर्ची पडते. पृष्ठभागावरच्या बेरिलियममध्ये त्याचा वाटा दोनेक टक्क्यांचा, म्हणून पुष्कळांनी त्याच्याकडे काणाडोळा केला.

खोलवरचं गणित दोन पदरी आहे. थकून थांबलेला ऋण म्युऑन अणूत अडकतो. ऑक्सिजनमध्ये अडकलेल्या शंभरांपैकी अठराएकांना केंद्रक गिळतं, बाकीचे तिथेच विघटित होतात. गिळलेल्यांतूनही बेरिलियम-10 फार क्वचित निपजतं. दुसरीकडे वेगवान म्युऑन जाता जाता केंद्रक फोडतात. मंद म्युऑन वरच गळून पडत असल्यामुळे जितकं खाली जावं तितकी उरलेल्यांची सरासरी ऊर्जा वाढते. म्हणून खोलवरचं उत्पादन काढणाऱ्या गणिती प्रारूपाला प्रत्येक खोलीवर किती म्युऑन पोचले, किती थांबले आणि उरलेल्यांत किती जोर होता, हे सगळं लागतं. पैकी पहिल्या आकड्यासाठी माणसं खाणींत उतरली. कोलारच्या सोन्याच्या खाणीत टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात फार खोलवर म्युऑन मोजले. सर्वांत खालच्या जागी सुमारे दोन महिन्यांत एकही सापडला नाही.

बेरिलियम निपजण्याची शक्यता मात्र प्रयोगशाळेतच मोजावी लागली. हायसिंगर आणि सहकाऱ्यांनी वेगवान म्युऑनांसाठी सर्न प्रयोगशाळेतल्या म्युऑन-शलाकेत नमुने ठेवले आणि 2002 मध्ये दोन्ही वाटांचे आकडे छापले. बरीच वर्षं तेच प्रमाण मानले गेले. पण खऱ्या खडकांतले अणू मोजू लागल्यावर हे आकडे फुगलेले दिसले.

इथे बीकन हाइट्सचं मोल कळतं. तिथली झीज इतकी संथ आहे की खोलवरच्या थरांत जितके अणू नव्यानं घडतात, जवळपास तितकेच विघटनानं जातात. मग आहेत तेवढे अणू मोजले की उत्पादनाचा दर थेट हाती येतो. झिजेबद्दल अंदाज बांधत बसावं लागत नाही. भूशास्त्रज्ञ ग्रेग बाल्को यांनी 2017 मध्ये अशा खोल गाभ्यांशी प्रारूप पडताळलं, तेव्हा म्युऑन गिळल्यावर बेरिलियम-10 निपजण्याची शक्यता आधीच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी निघाली. शलाकेपेक्षा खडकावर विश्वास ठेवावा, असं माझं मत. लाखो वर्षं चाललेला प्रयोग आहे तो.

याची झळ हिमनद्यांच्या इतिहासाला बसते. युगानुयुगं उघडा असलेला कातळ हिमनदीनं तीन मीटर खरवडला, तर न्यूट्रॉनांची कमाई जवळपास पुसली जाते, म्युऑनांची बरीचशी शिल्लक राहते. ती वजा केली नाही तर हिमनदी मागे हटल्याची तारीख खऱ्याहून जुनी येते. जुन्या आकड्यांनी वजा केली तर जास्त कापलं जातं आणि तारीख खऱ्याहून अलीकडची ठरते.