विश्वास: मानणे आणि पाऊल टाकणे



गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराशेजारी बहुधा एखादे ख्रिस्ती घर असतेच. चतुर्थीच्या नेवऱ्या तिकडे जातात, नाताळच्या नेवऱ्या इकडे येतात. एवढा घरोबा असूनही शेजारचा माणूस ‘माझा विश्वास’ असे म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय अभिप्रेत असते, हे आपण सहसा विचारत नाही. ‘देव आहे असे मानणे’ एवढाच अर्थ आपण गृहीत धरतो. तो चुकीचा नाही. पण अपुरा आहे.

प्रथम शब्द पाहू. मराठी बायबलात ‘विश्वास’ हा शब्द रूढ आहे. कोकणी ख्रिस्ती बांधव त्याच अर्थाने ‘भावार्थ’ म्हणतात; आपण मात्र हा शब्द तात्पर्य सांगताना वापरतो. नव्या करारातील ग्रीक शब्द ‘पिस्तिस’ असा आहे. भरवसा आणि एकनिष्ठा हे दोन्ही अर्थ त्यात सामावतात. हिब्रूतील विश्वासाचा शब्द ज्या धातूपासून आला, त्याच धातूपासून प्रार्थनेच्या शेवटी उच्चारला जाणारा ‘आमेन’ आला. पक्के असणे, आधार देण्याजोगे असणे, हा त्या धातूचा अर्थ.

साकव भक्कम आहे असे काठावर उभे राहून म्हणणे सोपे असते. भर पावसात ओढा फुगलेला असताना त्यावर पाऊल टाकणे वेगळे. ख्रिस्ती जीवनात ज्याला विश्वास म्हणतात, तो हे पाऊल आहे. आपला भार ख्रिस्तावर टाकायचा आणि मग त्या भरवशाला साजेसे वागायचे.

म्हणून विश्वासू माणसाला शंका येत नाही, असे ख्रिस्ती परंपरा म्हणत नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूकडे येतो. आपला विश्वास आहे हे तो सांगतो आणि त्याच दमात आपला अविश्वास दूर करण्यासाठी मदतही मागतो. येशू त्याला परत पाठवत नाही. मुलगा बरा होतो. अपुरा विश्वासही त्या दारात चालतो, हे या प्रसंगाचे मर्म.

मग कृतीचे काय? संत पौल सांगतो की मनुष्य देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासाने, नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे. याकोबाचे पत्र बजावते की कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे. यातील पौलाच्या शिकवणीवर मार्टिन ल्यूथरने भर दिला आणि सोळाव्या शतकात पश्चिमेकडील चर्च दुभंगले. 1999 साली जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरपंथीयांनी या प्रश्नावर संयुक्त जाहीरनामा केला. देवाची कृपा कमवावी लागत नाही, ती मिळते; आणि ती मिळालेल्या माणसाच्या हातून सत्कर्म घडते, असा त्याचा आशय. झाडाला फळ धरते, फळामुळे झाड उभे राहत नाही.

हा विश्वास उसना घेता येत नाही. याचे उदाहरण आपल्याच साहित्यात आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार विसकटला. नवरा गेला म्हणून त्या मागोमाग गेल्या नाहीत. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. पुढे एका क्षणी त्यांना जाणवले की जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची त्यांची तयारी झाली. बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो टिळकांनंतर सुमारे पाच वर्षांनी. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, डोळे पुसतो. पण एक बाई स्वतःच्या पायांनी साकव कसा ओलांडते, हेही त्यात पाहण्यासारखे आहे. आधी तिच्या हाताची ओंजळ बदलली, मग धर्माचे नाव.

धर्मांतराच्या आठवणी आपल्याकडे कडूही आहेत, विशेषतः पोर्तुगीज राजवटीतील. त्या विसरा, असे मी म्हणणार नाही. पण त्या आठवणींतूनच एक गोष्ट स्पष्ट होते. सक्तीने नाव बदलता येते, भरवसा निर्माण करता येत नाही. ख्रिस्ती अर्थाने विश्वास म्हणावा तो मोकळ्या मनानेच ठेवावा लागतो.

पुढच्या नाताळात नेवऱ्यांचे ताट घेताना शेजाऱ्याला एवढेच विचारून पाहा: तुमचा भार तुम्ही कशावर टाकला आहे? मग तोच प्रश्न तो आपल्यालाही विचारील. उत्तर तयार ठेवलेले बरे.