तोफखान्याच्या शाळेत जलरंगाचा तास

जुन्या संग्रहांत हिंदुस्थानातले किल्ले, घाट आणि देवळांची इंग्रज अधिकाऱ्यांनी काढलेली जलरंगचित्रं दिसतात. तोफा डागणाऱ्यांचा हात इतका तयार कसा? उत्तराचा एक धागा लंडनजवळच्या क्रॉयडनमधल्या अॅडिसकंबला पोचतो.

ईस्ट इंडिया कंपनीची लष्करी शाळा तिथे १८०९ ते १८६१ चालली. तोफखाना आणि इंजिनिअर दलांचे कॅडेट तिथे गणित, तटबंदी, हिंदुस्थानी भाषा शिकत आणि चित्रकलाही. हौस म्हणून नव्हे! सुरुवातीच्या काळात कॅमेरा नव्हता, डोंगराचा उतार, नदीचा उतार, बुरुजाचा कोन कागदावर हातानेच उतरवावा लागे. मास्तरही साधेसुधे नव्हते. त्यांतला विल्यम फ्रेडरिक वेल्स हा विख्यात इंग्रज चित्रकार टर्नरचा जिवलग मित्र. १८०४ मध्ये लंडनला जलरंगचित्रकारांची संस्था उभारण्यात त्याचा पुढाकार होता.

शाळेचा वाडा १८६० च्या दशकातच पाडला गेला. तिथे रस्ते झाले, त्यांना नावं मिळाली हिंदुस्थानात गाजलेल्या इंग्रजांची: कॅनिंग, हॅवलॉक, औट्रम. हा औट्रम म्हणजे १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी करणाराच. खानदेशचा माणूस क्रॉयडनला गेला, तर औट्रमच्या रस्त्याची पाटी त्याला ओळखीची वाटेल.

आणि अधिकाऱ्यांची ती चित्रं? कंपनीच्या दफ्तरातली कित्येक आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.