मुलगा हुशार आहे, मग मार्क का घसरतात?

"मुलगा हुशार आहे हो, पण अभ्यासच करत नाही." मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात हे वाक्य हमखास कानावर पडतं. बऱ्याच घरांत ते खरंही असतं. पण काही घरांत गोष्ट निराळी असते. चौथी-पाचवीपर्यंत पहिल्या पाचात असलेला मुलगा सातवीत पन्नास टक्क्यांवर येतो, नववीत पास होईल की नाही याची धास्ती. मस्कतहून सुटणाऱ्या विमानांचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ, पण "लेखकाला यातून काय सुचवायचे आहे?" या दोन मार्कांच्या प्रश्नापुढे कागद कोरा! अशा मुलांपैकी काहींच्या बाबतीत कारण आळस नसून ॲस्पर्जर सिंड्रोम असू शकतं.

व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्जर यांनी १९४४ साली अशा मुलांचं वर्णन केलं. १९८१ मध्ये इंग्लंडच्या डॉ. लॉर्ना विंग यांनी हे नाव रूढ केलं. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात ते वेगळं राहिलेलं नाही, ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच धरलं जातं. बोलचालीत मात्र जुनं नाव अजून आहे. या मुलांची बुद्धी सामान्य किंवा त्याहून वरची असते, बोलणंही वेळेवर येतं, म्हणूनच लवकर काही लक्षात येत नाही. हा आजार नव्हे, मेंदूची जडणघडणच वेगळी असते. आईबापांच्या वळण लावण्याशी याचा संबंध नाही. 'तारे जमीन पर'मधला मुलगा डिस्लेक्सियाचा होता, ते वेगळं. 'माय नेम इज खान'चा नायक मात्र ॲस्पर्जरचा.

ओमानमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दहा हजार मुलांमागे ऑटिझमचं प्रमाण १.४ आलं होतं. २०१९ च्या पाहणीत तेच २०.३५ झालं. आठ वर्षांत मुलं बदलली नाहीत, ओळखण्याची नजर आणि सोय वाढली. म्हणजे त्याआधीची कितीतरी मुलं 'आळशी' किंवा 'हट्टी' या नावाखालीच मोठी झाली असणार. मुली तर आणखी सुटतात, कारण त्या इतरांचं बघून वागायला शिकतात आणि गप्प बसतात.

मी व्यवसायाने इंजिनियर. पंपाचं पाणी कमी पडू लागलं तर आम्ही पंपाला आळशी म्हणत नाही. लाइनमध्ये काय बदललं ते आधी बघतो. पाचवीनंतर शाळेत काय बदलतं? एका बाईंच्या जागी सात-आठ शिक्षक येतात, प्रत्येकाची पद्धत वेगळी. कुठली वही कधी, प्रोजेक्ट कधी द्यायचं, हे मुलाने स्वतः सांभाळायचं. पाठांतराचे प्रश्न कमी होऊन 'तुमच्या शब्दांत लिहा' वाढतात. ग्रुपमध्ये काम करावं लागतं. लिहायचं खूप आणि वेळ थोडा. भरीला चाळीस मुलांचा गोंगाट, मधल्या सुट्टीतली चेष्टा. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचा भाव आपल्याला आपोआप कळतो, या मुलाला तो गणितासारखा सोडवावा लागतो. दुपारी घरी येईपर्यंत त्याची सगळी शक्ती संपलेली असते. नेमकं तेव्हा आपण त्याला ट्यूशनला पाठवतो! मग मार्क आणखी घसरतात, आणि पुढे पोटदुखी, चिडचिड, शाळेला नकार, खोल निराशा इथपर्यंत मजल जाते. मार्कांपेक्षा या निराशेला घाबरायला हवं.

आमच्याच घरातला मुलगा यातून गेला आहे. तोंडी विचारलं तर सगळं यायचं, पेपरात मात्र दुसऱ्या प्रश्नावर अडायचा, कारण उत्तर मनासारखं झाल्याशिवाय पुढे जाववत नसे. उपाय साधेच निघाले. शाळेतून आल्यावर एक तास कोणी काही विचारायचं नाही. आठवड्याचं सगळं काम एका कागदावर लिहून भिंतीला लावायचं. पेपरात प्रत्येक प्रश्नापुढे मिनिटं लिहायची आणि वेळ संपली की पुढे जायचं. वर्गशिक्षिकेने भिंतीकडेची पुढची जागा दिली, मधल्या सुट्टीत लायब्ररीत बसू दिलं. दोन वर्षांत तो साठ टक्क्यांच्या पुढे गेला. पहिला आला नाही, पण सकाळी शाळेत जायला कुरकुर थांबली.

शंका असेल तर प्रथम बालविकासतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून तपासणी करून घ्यावी. पुण्या-मुंबईला करायची असेल तर अपॉइंटमेंट आधीच घ्या, नाहीतर सगळी सुट्टी नातेवाईक आणि खरेदीत संपते. मुंबईत 'उमीद' ही संस्था २००१ पासून हे काम करते. जाताना आधीची रिपोर्ट कार्डं आणि वह्या बरोबर न्याव्यात.

१९७५ साली मस्कतमध्ये पहिली इंडियन स्कूल सुरू झाली, आज ओमानभर अशा वीसच्या आसपास शाळा आहेत, आणि त्यातल्या बहुतेक सीबीएसईच्या. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम स्पेक्ट्रमचा स्पष्ट समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो, गरजेप्रमाणे लेखनिकही मिळतो. कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून आठवीतच सुरुवात करावी आणि त्या वर्षीचे नियम शाळेत विचारून घ्यावेत.

"सवलत घेतली तर लोक काय म्हणतील?" हा आपला नेहमीचा प्रश्न. मी मास्टर्ससाठी परदेशात होतो तेव्हा वर्गातला एक जण वेगळ्या खोलीत, जादा वेळ घेऊन पेपर लिहायचा. कोणी भुवई उंचावली नाही. चष्मा लावून पेपर लिहिण्यासारखंच ते होतं. ज्याला चष्म्याची गरज आहे त्याला "डोळे ताणून बघ" असं आपण सांगत नाही.

आणि ज्यांच्या घरी असं मूल नाही, त्यांनाही एक विनंती. गणपतीच्या आरतीला एखादा मुलगा कानावर हात ठेवून दारातच उभा राहिला, नमस्कार न करता निघून गेला, तर त्याच्या आईला "काही वळण लावलं नाही का?" असं विचारू नका. प्रसाद त्याला दारात नेऊन द्या, आणि विमानांबद्दल काहीतरी विचारा. मग बघा, किती बोलतो ते!