वनौषधी, मनावरील ताण आणि अपत्यप्राप्ती



नागापूर औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील कित्येक जोडपी स्त्रीरोग विभागात प्रथम येतात, तेव्हा त्यांच्या पिशवीत तपासणीचे कागद नसतात. शतावरी कल्प, अश्वगंधा चूर्ण आणि अशोकारिष्टाच्या बाटल्या असतात. लग्नाला चार-पाच वर्षे लोटलेली असतात. सुनेने अनेक औषधे घेतलेली असतात. मुलाची मात्र एकही तपासणी झालेली नसते. प्रस्तुत लेखक वैद्यक क्षेत्रातील नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि डॉक्टरांकडून समजून घेतलेले येथे मांडत आहे.

मनावरील ताणाचा प्रजननाशी संबंध आहे, हे खरे. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी ग्रंथीला ठरावीक अंतराने संदेश देतो व ती ग्रंथी बीजकोशास चालना देते. दीर्घकाळचा ताण, अपुरा आहार वा अतिश्रम यांमुळे हा संदेश मंदावला, तर स्त्रीबीज उशिरा सुटते वा सुटतच नाही आणि मासिक पाळी लांबते. पुरुषांमध्ये तंबाखू, मद्य आणि भट्टीजवळील सततची उष्णता यांचा शुक्रजंतूंवर परिणाम होतो. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात; म्हणून सवयी सुधारल्याचे फळ लगेच दिसत नाही.

परंतु "काळजी सोड, म्हणजे दिवस राहतील" हे बोलणे अन्यायकारक होय. क्षयरोगामुळे बंद झालेल्या गर्भनलिका, थायरॉइडचे विकार, बीजकोशाचे विकार किंवा शुक्रजंतूंची कमतरता ही कारणे केवळ मन शांत ठेवून दूर होत नाहीत. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार दर सहा व्यक्तींपैकी सुमारे एकीला आयुष्यात कधी तरी वंध्यत्वाचा अनुभव येतो. हा कोणाचा दोष नव्हे.

वनौषधींविषयी आम्हांस आदरच आहे. अश्वगंधेने ताण कमी होतो व झोप सुधारते, असे काही छोट्या अभ्यासांत आढळले आहे. मात्र बंद गर्भनलिका कोणत्याही चूर्णाने उघडत नाही. अश्वगंधेमुळे क्वचित यकृतास इजा झाल्याची नोंद आहे; थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ती विचारल्यावाचून घेऊ नये व गरोदरपणी टाळावी. अशोकाची साल म्हणून रस्त्याकडेच्या उंच, सरळ वाढणाऱ्या खोट्या अशोकाची सालही विकली जाते. औषधातील झाड सीता-अशोक होय. बिननावाच्या भस्मांतून शिसे पोटात गेल्याचीही उदाहरणे आहेत. स्त्रियांचे वंध्यत्व बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींस 1954 च्या कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानी असावे.

वर्षभर प्रयत्न करूनही, आणि पत्नीचे वय 35 वर्षांहून अधिक असल्यास सहा महिन्यांतच, दोघांनी मिळून तपासणीस यावे. वीर्यतपासणी सर्वांत सोपी व अल्पखर्चाची असल्याने ती आरंभीच करावी. सुरू असलेली काढे-चूर्णे डॉक्टरांना निःसंकोच दाखवावीत; त्यासाठी कोणी रागावणार नाही.

हिशेबाच्या वहीत खर्च झालेला पैसा पुन्हा जमा होऊ शकतो. वयाची वर्षे होत नाहीत. गरजू जोडप्यांची तपासणी वेळेवर व्हावी, यासाठी आपला उदार हात असाच पाठीशी राहो, ही नम्र विनंती.