नावे परकी, ओळख घरची

स्पेनमधल्या मुलांची नावे चाळली, तर ती आम्हाला ओळखीची वाटतात. होसे म्हणजे युसूफ, अर्थ ‘देव आणखी देवो’. दाविद म्हणजे दाऊद, ‘लाडका’. एलियास म्हणजे आपले इलियास. हेसूस, म्हणजे ईसा, हे नावही तिथे मुलांना ठेवतात.

पण याच स्पेनमध्ये १५६७ साली राजा दुसऱ्या फिलिपच्या फर्मानाने अरबी नावांवर बंदी आली. सक्तीने बाप्तिस्मा झालेल्या ग्रानादाच्या मुसलमानांनी पुढच्याच वर्षी बंड केले. त्यांचा पुढारी फर्नांदो दे व्हालोर याने तेव्हा मुहम्मद इब्न उमय्या हे नाव घेतले.

अकीक्याला नाव निवडताना आपण अर्थ पाहतोच. ते नाव मोकळेपणाने हाकारता येणे हीही अल्लाहची नेमतच आहे, हे मुलांना जरूर सांगावे.